परदेशप्रवासातील पिण्याचे पाणी: काय तपासावे, कसे शुद्ध करावे आणि पोट बिघडलेच तर काय करावे

परदेशात पोट बिघडले की बहुतेक प्रवासी आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतात, आणि पाण्याचा विचार करतात तोही पेल्यातल्या पाण्यापुरताच. प्रत्यक्षात पाणी दिवसभरात कितीतरी वाटांनी पोटात जात असते. दात घासताना, शीतपेयातल्या बर्फातून, धुतलेल्या पण न शिजवलेल्या भाजीतून, नुकत्याच विसळलेल्या ओल्या पेल्याच्या कडेवरून आणि अंघोळ करताना नकळत गिळलेल्या घोटातूनही ते आत जाते. कटाक्षाने बाटलीबंद पाणीच पिणारा माणूस त्यामुळे आजारी पडतो, आणि मग एवढी काळजी घेऊन काय मिळाले, असे म्हणत पुढच्या दिवसांत काळजी घेणेच सोडून देतो. असे होऊ नये म्हणून पाण्याच्या बाबतीत तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: हे पाणी आले कुठून, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, आणि त्या प्रक्रियेनंतर ते कोणाच्या हातांतून व कोणत्या भांड्यातून माझ्यापर्यंत पोहोचले. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित व्हायला एक अस्वच्छ हात पुरेसा असतो.

पाण्यात नेमके काय असते

पाणी शुद्ध करण्याची पद्धत निवडायची तर आपण कशाविरुद्ध लढतो आहोत हे आधी माहीत असले पाहिजे. दूषित पाण्यातून होणाऱ्या पोटाच्या आजारांमागे जिवाणू, विषाणू आणि एकपेशीय परजीवी असे तीन गट असतात. प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांमागे बहुतांश वेळा जिवाणू असतात आणि त्यांत आतड्यात विष निर्माण करणारा ई. कोलायचा प्रकार आघाडीवर आहे. कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला आणि साल्मोनेला हेही वारंवार आढळतात. विषाणूंमध्ये नोरोव्हायरस, रोटाव्हायरस आणि यकृताला सूज आणणारे हिपॅटायटिस ए व ई यांचा समावेश होतो. परजीवींमध्ये गिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम आणि आमांश घडवणारा अमीबा ही नावे लक्षात ठेवावीत.

या तिघांच्या आकारांत प्रचंड फरक आहे आणि पुढची सगळी गणिते त्यावर अवलंबून आहेत. गिआर्डियाची पुटी, म्हणजे त्याचे कवचबंद रूप, साधारण ८ ते १२ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६ मायक्रॉनची, जिवाणू साधारण अर्ध्या ते २ मायक्रॉनचे, तर हिपॅटायटिस ए किंवा नोरोव्हायरस सुमारे ०.०३ मायक्रॉनचेच असतात. त्यामुळे परजीवीला सहज अडवणारी गाळणी विषाणूला अडवू शकत नाही. उलट, विषाणू व जिवाणू यांना मारणारे क्लोरिन क्रिप्टोस्पोरिडियमच्या जाड कवचापुढे निष्प्रभ ठरते.

आजार दिसायला लागणारा वेळही वेगवेगळा असतो. जिवाणू व विषाणूंमुळे होणारा त्रास साधारणपणे ६ ते ७२ तासांत सुरू होतो, तर परजीवींचा त्रास एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे अनेकदा घरी परतल्यावर, उद्भवतो. 'काल रात्रीच्या जेवणामुळेच झाले' हा निष्कर्ष म्हणूनच नेहमी खरा नसतो.

नळाचे पाणी प्यावे की नाही

स्थानिक लोक तेच पाणी पितात आणि त्यांना काही होत नाही, हा युक्तिवाद प्रवाशाने स्वतःला लागू करू नये. तिथल्या जंतूंशी लहानपणापासून वारंवार संपर्क आल्याने तिथल्या प्रौढांमध्ये काही प्रमाणात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. नव्याने आलेल्याकडे ती नसते. आपल्या घरचे पाणी पचवण्याची सवय असलेल्या माणसाचे पोट परक्या ठिकाणी टिकेलच, असाही भरवसा धरता येत नाही, कारण जंतूंचे प्रकार प्रदेशागणिक बदलतात.

याच्या उलट, जिथे नळाचे पाणी उत्तम आहे तिथे केवळ भीतीपोटी बाटल्या विकत घेत राहणेही अनावश्यक आहे. सिंगापूर, तोक्यो, स्वित्झर्लंडमधील शहरे येथे नळाचे पाणी निःशंकपणे प्यावे. रोममधील रस्त्यांवरच्या लोखंडी नळांचे सतत वाहणारे पाणी पिण्याचेच असते. आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, कारण ते भूगर्भातील उष्णतेचे असते; थंड पाण्याचा पुरवठा वेगळा असून तो अत्यंत स्वच्छ आहे, म्हणून तिथे थंड तोटी थोडा वेळ वाहू द्यावी आणि मग पाणी भरावे. मात्र युरोपातही प्रत्येक कारंजे पिण्याचे नसते. नळावर आडवी रेघ मारलेले चित्र दिसले, किंवा फ्रेंच भागात 'नों पोताब्ल', इटलीत 'नॉन पोताबिले', जर्मन भागात 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी दिसली, तर ते पाणी हात धुण्यापुरतेच वापरावे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त अहवालानुसार २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षितपणे व्यवस्थापित केलेले पिण्याचे पाणी उपलब्ध नव्हते. त्यांतल्या अनेकांच्या गावी शुद्धीकरण केंद्र असतेही, परंतु तिथून निघालेले स्वच्छ पाणी वाटेत बिघडते. पुरवठा दिवसातून काही तासच होत असेल तर उरलेल्या वेळी नळवाहिनीतला दाब नाहीसा होतो, आणि वाहिनीला गळती असल्यास आजूबाजूच्या मातीतले, कित्येकदा सांडपाण्याचे, पाणी आत शोषले जाते. नंतर इमारतीच्या गच्चीवरची, महिनोन्महिने न धुतलेली टाकी येते. म्हणून अनोळखी ठिकाणी शहराचे पाणी चांगले आहे का, एवढ्यावरच न थांबता पुरवठा चोवीस तास असतो का आणि इमारतीतले पाणी टाकीतून येते का, हे विचारावे. याची उत्तरे राहण्याच्या ठिकाणचा कर्मचारी सहज देऊ शकतो, आणि 'पाणी चांगले आहे ना?' या प्रश्नाला मिळणाऱ्या सवयीच्या 'हो'पेक्षा ती अधिक उपयोगी असतात.

श्रीमंत देशातील यंत्रणाही चुकू शकते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील मिल्वॉकी शहराचे आहे. तिथे १९९३ साली एका शुद्धीकरण केंद्रातील गाळण्याची प्रक्रिया नीट न झाल्याने क्रिप्टोस्पोरिडियम नळाच्या पाण्यात उतरला आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरिन होते, पण या परजीवीवर त्याचा परिणाम झाला नाही. प्रवासात असताना स्थानिक प्रशासनाने पाणी उकळून पिण्याची सूचना काढली असेल, तर देश कोणताही असो, ती तंतोतंत पाळावी.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. शिसे, आर्सेनिक, नायट्रेट यांसारखे रासायनिक दूषण उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ झाल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. चार-आठ दिवसांच्या मुक्कामात याचा धोका जंतूंपेक्षा बराच कमी असतो, परंतु लहान मूल सोबत असेल किंवा अनेक महिने राहायचे असेल तर आर्सेनिकयुक्त विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी टाळून दुसरा स्रोत शोधावा. जुन्या इमारतीत रात्रभर नळीत साचलेले पाणी सकाळी थोडा वेळ वाहू द्यावे, आणि पिण्यासाठी गरम तोटीचे पाणी कधीही घेऊ नये.

उकळणे: सर्वांत खात्रीची पद्धत

तिन्ही गटांतल्या जंतूंना एकाच वेळी मारणारा, स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असलेला उपाय म्हणजे उष्णता. पाणी गढूळ असेल तर आधी ते स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी स्वच्छ कापडातून गाळून घ्यावे आणि मग मोठे बुडबुडे येऊन खळखळ उकळेपर्यंत तापवावे. खळखळ सुरू झाल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरहून अधिक उंचीवर हा वेळ तीन मिनिटांचा धरावा. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते: बोलिव्हियातील ला पाझ येथे, साधारण ३,६०० मीटरवर, ते सुमारे ८८ अंश सेल्सिअसला उकळते. तरीही ते सुरक्षित होते, कारण बहुतेक रोगजंतू ७० अंशांच्या वर काही मिनिटांतच मरतात. उकळी हा आपल्याला डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे, एवढाच तिचा अर्थ. पाणी दहा-पंधरा मिनिटे आटवत बसल्याने अधिक शुद्ध होत नाही, केवळ इंधन जळते.

उकळलेले पाणी झाकून आपोआप थंड होऊ द्यावे. लवकर गार व्हावे म्हणून त्यात बर्फ टाकणे, नळाचे पाणी मिसळणे किंवा बोट बुडवून गरमपणा पाहणे यांतील कोणत्याही एका कृतीने सगळी मेहनत वाया जाते. ते ज्या बाटलीत भरायचे तीसुद्धा गरम पाण्याने धुतलेली असावी, आणि पाणी काढताना भांड्यात पेला बुडवण्याऐवजी भांडे तिरपे करून ओतावे.

मुक्कामाच्या खोलीत विजेची किटली असेल तर बहुतेक अडचण सुटते. पहिल्यांदा एकदा पाणी उकळून ते फेकून द्यावे, दुसऱ्या खेपेचे ठेवावे. किटली आपोआप बंद झाली तरी झाकण न उघडता पाच-दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. स्वतःची छोटी किटली नेणार असाल तर व्होल्टेज आधी पाहावे. २३० व्होल्टची किटली १२० व्होल्टच्या देशात लावली तर तिची शक्ती जवळपास चौथ्या भागावर येते आणि पाणी उकळायला फार वेळ लागतो. उलट प्रकारात किटली जळते. प्लगचे केवळ रूप बदलणारा जोड व्होल्टेज बदलत नाही, हे खरेदी करतानाच लक्षात घ्यावे. दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या प्रवासी किटल्या मिळतात, आणि सामानात जागा असेल तर माझी पहिली शिफारस तीच आहे.

उकळणे शक्य नसेल तेव्हा

क्लोरिन किंवा आयोडिनच्या गोळ्या हलक्या असतात आणि अडचणीच्या वेळी खरोखर उपयोगी पडतात. वेष्टनावर लिहिलेले प्रमाण आणि थांबण्याचा वेळ यांत घाई करू नये. साधारणपणे अर्धा तास लागतो, आणि पाणी फार थंड किंवा गढूळ असेल तर अधिक. गोळी विरघळल्यावर बाटलीचे झाकण किंचित सैल करून थोडे पाणी आट्यांमधून बाहेर येऊ द्यावे, नाहीतर तोंड लावताना झाकणाखालच्या अशुद्ध थेंबांचाच पहिला घोट घेतला जातो. क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या या गटात सर्वांत प्रभावी आहेत, कारण त्या क्रिप्टोस्पोरिडियमवरही चालतात. मात्र त्यासाठी सुमारे चार तास थांबावे लागते. गरोदर स्त्रिया आणि थायरॉइडचे रुग्ण यांनी आयोडिन वापरू नये, आणि इतरांनीही ते काही आठवड्यांपलीकडे सलग घेऊ नये. काहीच हाताशी नसेल तर कपड्यांचे सुगंधरहित ब्लीच, ज्यात ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट आहे असे, स्वच्छ पाण्यात लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास ठेवावे. शेवटी क्लोरिनचा हलका वास यायला हवा. तो आला नाही तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी पंधरा मिनिटे थांबावे.

गाळण्या, म्हणजे फिल्टर, विकत घेताना छिद्रांचा आकार पाहावा. ०.२ मायक्रॉनची पोकळ तंतूंची गाळणी जिवाणू आणि परजीवी रोखते, पण विषाणू तिच्यातून आरपार जातात. डोंगराळ, निर्जन भागातल्या ओढ्याच्या पाण्यासाठी ती बहुधा पुरते. दाट वस्तीच्या, सांडपाण्याची व्यवस्था नसलेल्या भागात गाळून झाल्यावर क्लोरिनची गोळीही टाकावी. हे दोन उपाय एकमेकांच्या उणिवा भरून काढतात आणि उकळण्याला त्यांचीच जोडी सर्वांत जवळची आहे. तंतूंची गाळणी एकदा वापरल्यावर ओली असते. ती गोठली तर तंतू फुटतात आणि बाहेरून काहीही न दिसता गाळणी निकामी होते, म्हणून कडाक्याच्या थंडीत ती रात्री अंथरुणात जवळ घेऊन झोपावे. केवळ कोळशाचा थर असलेल्या सुरया आणि बाटल्या चव व वास सुधारतात. जंतूंसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

अतिनील किरणांचे, पेनच्या आकाराचे उपकरण स्वच्छ पाण्यावर तिन्ही गटांविरुद्ध चांगले काम करते, पण गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत, बॅटरी संपते, आणि नंतर पुन्हा दूषण झाले तर त्याला रोखणारे काहीही पाण्यात शिल्लक राहत नाही. अगदीच निरुपाय असेल तर दोन लिटरपर्यंतची पारदर्शक प्लास्टिक बाटली निवळ पाण्याने भरून कडक उन्हात सहा तास, आणि ढगाळ हवेत दोन दिवस, आडवी ठेवण्याची पद्धतही मान्य झालेली आहे.

कोणतीही पद्धत वापरली तरी कच्च्या पाण्याची आणि शुद्ध पाण्याची बाटली वेगळी असावी, आणि अंधारातही कळेल अशी खूण, उदाहरणार्थ रबरी पट्टा, त्यांपैकी एकीवर असावी.

बाटली, बर्फ आणि इतर वाटा

बाटलीबंद पाणी घेताना झाकणाखालची कडी आपल्याच हाताने तुटते का, हे पाहावे. सील तुटलेले, झाकणाला डिंकाचे डाग किंवा बाटलीवर ओरखडे असतील तर ती वापरलेली बाटली पुन्हा भरलेली असू शकते. जिथे शंका आहे तिथे सोड्याचे, म्हणजे बुडबुड्यांचे, सीलबंद पाणी घ्यावे. वायूचा दाब टिकवून बाटली पुन्हा भरणे अवघड असते आणि किंचित आम्लामुळे जिवाणूंनाही ते मानवत नाही. भोजनालयात बाटली आपल्यासमोर उघडायला सांगण्यात काहीही गैर नाही. बाटलीचे तोंड पुसून घ्यावे, आणि पेला ओला असेल तर तो कोरडा करून घ्यावा किंवा सरळ बाटलीतूनच प्यावे.

बर्फाबद्दलचा गैरसमज फार चिवट आहे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते निद्रिस्त राहतात. पेयात मद्य असले तरी बर्फ शुद्ध होत नाही. पाण्याची खात्री नसेल तिथे बर्फाला सरसकट नकार द्यावा. वाफाळता चहा आणि कॉफी त्यामानाने सुरक्षित असतात, पण कोमट पेय तसे नसते. दात घासायला आणि चूळ भरायला शुद्ध पाणीच वापरावे, आणि ही बाटली बेसिनपाशीच ठेवावी, म्हणजे झोपेत नळाकडे हात जाणार नाही. नाक किंवा कॉन्टॅक्ट लेन्स धुण्यासाठी नळाचे पाणी वापरू नये. विमानातील नळाचे पाणी टाकीतले असते आणि चहा-कॉफीचे पाणी बहुधा त्याच टाकीतून येते. अमेरिकेने २००९ साली त्यासाठी स्वतंत्र नियम केले, यावरून हा प्रश्न किती खरा आहे हे कळते. सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली न्यावी आणि आतल्या पिण्याच्या नळावर ती भरून घ्यावी.

तरणतलावातले पाणी गिळू नये. योग्य प्रमाणात क्लोरिन असलेल्या तलावातही क्रिप्टोस्पोरिडियम आठवडाभराहून अधिक काळ जिवंत राहू शकतो. स्वतःला जुलाब होत असतील तर इतरांसाठी म्हणून तलावात उतरू नये.

अन्नाविषयी थोडक्यात: गरमागरम, आपल्यासमोर शिजलेले अन्न घ्यावे आणि सोलून खायची फळे स्वतः सोलावीत. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात, म्हणून खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ मांडून ठेवलेले पदार्थ टाळावेत, ते कितीही देखण्या ठिकाणी मांडलेले असोत. साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. निदान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर सोबत असावे, पण नोरोव्हायरसवर ते फारसे चालत नाही, त्यामुळे पाणी आणि साबण मिळताच हात धुवावेतच.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटून विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसींबद्दल, आणि काही विशिष्ट ठिकाणांसाठी कॉलराच्या लसीबद्दल विचारावे. विषमज्वराचे इंजेक्शन निदान दोन आठवडे आधी घेतलेले असावे. या लसी गंभीर आजारांपासून वाचवतात. प्रवाशांना होणाऱ्या नेहमीच्या जुलाबांपासून त्या फारसे संरक्षण देत नाहीत, म्हणून लस घेतली म्हणून पाण्याबाबत ढिलाई करू नये. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना संसर्गाचा धोका अधिक असतो, कारण आम्ल हीच शरीराची पहिली तटबंदी आहे. त्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. गरोदर स्त्रियांनी विशेष जपावे: हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत प्राणघातक ठरू शकतो. बाटलीचे दूध पिणाऱ्या बाळासाठी दुधाची पावडर किमान ७० अंशांच्या पाण्यात, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, मिसळावी आणि मग गार करून पाजावी.

सोबतच्या औषधांत ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पाकिटे, तापमापक, शुद्धीकरणाच्या गोळ्या, जुलाब थांबवणारे लोपरामाइड आणि डॉक्टरांनी लिहून दिले असल्यास प्रतिजैविक असावे. ओआरएसची पाकिटे मुबलक घ्यावीत. ती हलकी असतात आणि मध्यरात्री अनोळखी शहरात शोधत फिरणे कठीण जाते.

पोट बिघडलेच तर

सगळी काळजी घेऊनही आजार होऊ शकतो, आणि त्यात जिवाला असणारा मुख्य धोका शरीरातले पाणी व क्षार कमी होण्याचा असतो. म्हणून पहिल्याच जुलाबानंतर जलसंजीवनी सुरू करावी. अशक्तपणा येण्याची वाट पाहू नये. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही आत ओढले जाते, आणि ही यंत्रणा जुलाब चालू असतानाही शाबूत राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलराची साथ असताना शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर साखर-मिठाचे द्रावण सर्रास पाजण्याचा निर्णय घेतला आणि मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले. 'साखर-मीठच तर आहे' असे समजून या उपायाला कमी लेखणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावेसे वाटते.

पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे आणि त्यावर लिहिले आहे तेवढ्याच शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, विशेषतः मुलांना. द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून नवे करावे. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तेवढे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये, आणि मोठ्यांनीही भूक लागेल तसे हलके अन्न घ्यावे. गोड शीतपेये आणि फळांचे तयार रस जास्त साखरेमुळे जुलाब वाढवतात.

लोपरामाइड मोठ्या माणसाला लांबच्या बसप्रवासासारख्या वेळी उपयोगी पडते, पण शौचात रक्त असेल किंवा ताप जास्त असेल तर ते घेऊ नये आणि लहान मुलांना देऊ नये. सौम्य जुलाबांवर प्रतिजैविक घेणे मी चुकीचे मानतो. बहुतेक वेळा आजार काही दिवसांत आपोआप थांबतो, आणि अनावश्यक प्रतिजैविकांमुळे औषधांना न जुमानणारे जिवाणू आतड्यात घर करतात. ताप, रक्त किंवा अंथरुणाला खिळवणारा त्रास असेल तेव्हा मात्र डॉक्टरांनी नेमून दिलेले औषध पूर्ण घ्यावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची औषधे घेणाऱ्यांनी जुलाबाच्या दिवसांत कोणती गोळी थांबवायची, हे निघण्यापूर्वीच विचारून लिहून ठेवावे.

शौचात रक्त, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पोटात काहीही टिकू न देणाऱ्या उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा ती गडद होणे, उभे राहताना चक्कर, अतिशय सुस्ती, भाताच्या पेजेसारखे भरमसाठ पातळ जुलाब, किंवा तीन दिवसांत उतार न पडणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालयात जावे. लहान मूल, वृद्ध आणि गरोदर स्त्री यांच्या बाबतीत याहूनही आधी जावे. हिवतापाच्या प्रदेशात असताना तापासोबत जुलाब झाले तर हिवतापाची तपासणी करून घ्यावी, कारण त्यातही पोट बिघडू शकते.

परतल्यावर काही आठवडे स्वतःकडे लक्ष ठेवावे. विषमज्वर साधारण ६ ते ३० दिवसांनी आणि हिपॅटायटिस ए १५ ते ५० दिवसांनी प्रकट होतो, म्हणून चढत जाणारा ताप, डोळे पिवळे दिसणे किंवा गडद लघवी यांचा संबंध प्रवासाशी जोडून पाहावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ चाललेले, तेलकट व दुर्गंधीयुक्त जुलाब आणि पोटफुगी गिआर्डियाकडे बोट दाखवतात. अशा वेळी कोणत्या देशात, कधी आणि कोणते पाणी प्यायलो, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावे, आणि शौचाच्या तपासणीत परजीवी शोधण्याची चाचणी समाविष्ट आहे का, हे विचारावे, कारण नेहमीच्या तपासणीत ती बहुधा वेगळी मागावी लागते.